काठीची खूण

या वाडीतले एक्केचाळीस खड्डे मी खणले.
वहीत नोंद नाही, खांद्यात आहे.
वर कोरडी पुळण, चटके देणारी,
कमरेएवढं गेलं की ओली,
छातीएवढं गेलं की पाणीच.
चारी बाजूंनी चिरे, सांधे मोकळे,
तळ नाही.
"भरत नाही ना कधी?" मालक विचारायचे.
"भरत नाही," मी सांगायचो,
आणि ते खरं होतं.

पहिला खड्डा धक्क्याजवळच्या कुबलांचा.
पाणी किती चढतं बघायला
मी भेरल्या माडाची काठी रोवली,
कोयत्याने खूण केली, जेवायला गेलो.
परत आलो तर पाणी खुणेच्या चार बोटं वर.
पाऊस नव्हता. कुणी घागर ओतली नव्हती.
साठ पावलांवर, माडांच्या रांगेपलीकडे,
खाडीला भरती लागली होती.

म्हणजे मला त्याच दिवशी कळलं होतं.
मी काठी उपटली
आणि संध्याकाळी मजुरी मोजून घेतली.

मग खोल्या वाढल्या. सुरूच्या बनात पाट्या लागल्या,
न्याहारी, एसी, सुरमई थाळी,
खोलीगणिक संडास.
मे महिन्यात विहिरी तळाला जातात,
फ्लश मात्र वाजतच असतात.

पुळण इमानी आहे.
गाळ अडवते, वास अडवते, रंग अडवते,
पलीकडे निघतं ते पाणी चूळ भरावी इतकं नितळ.
फक्त नत्र तिला धरता येत नाही,
युरियाच्या गोणीत असतं तेच,
ज्याने भात काळाभोर होतो.
खड्ड्याशेजारचा माड बघा, कुणाचाही,
पेंडी मावत नाहीत शेंड्यात.
लोक माडाचं कौतुक करतात.
माड पिऊन पिऊन पिणार किती?
उरलेलं ओहोटीबरोबर चालू लागतं.

जयवंती तांडेल पायाच्या अंगठ्याने खुबे शोधायची,
गुडघाभर पाण्यात, दुसऱ्याच कुणाशी बोलत.
दोन तासांत पाटी.
आता अंगठ्याला हिरवं शेवाळ गुंडाळून येतं,
विंचरणीत अडकलेल्या केसांसारखं.
"मेस्त्रीनू, खुबे खंय गेले?"
मी काठावर होतो म्हणून मला विचारलं.
मी म्हटलं, हल्ली पावसाचं काही खरं नाही.
तिने एक खुबा तळहातावर धरला. उघडा, रिकामा.
म्हणाली, पहाटेचे मरतात.
रात्रभर शेवाळच श्वास घेतं,
ह्यांच्या वाट्याला उरत नाही.

यंदा मी एक खड्डा फोडला.
माझ्या घरामागचा. बेचाळिसावा.
तो मी मोजणीत धरला नव्हता.

टाकीला तळ घातला. पाट काढला
खाडीकडे पाठ करून, कातळाच्या अंगाला,
आणि तिथल्या हौदात नारळाची सोडणं भरली,
कोयत्याने तुकडे करून, अकरा पाट्या.
वर कर्दळ.
वेंगुर्ल्याच्या एका पोराने कागदावर काढून दिलं होतं:
सोडणात बारीक जीव राहतात,
नत्र फोडतात, वाऱ्याला देऊन टाकतात.
वाऱ्याकडे आधीच पुष्कळ आहे,
त्याला जड जात नाही.

कर्दळीला तांबडं फूल आलंय.
एका घराने खाडी काय निवळणार?
कुबल म्हणाले, सीझन संपू दे, बघू.
सीझन संपत नाही
हे त्यांनाही ठाऊक, मलाही.

अमावास्येच्या ओहोटीला नवी काठी तोडली,
खूण केली, जयवंतीकडे नेली.
"ही कसली?"
सांगितलं. पहिल्या खड्ड्यापासून सगळं,
चार बोटंसुद्धा.
तिने काठी उलटसुलट करून पाहिली.
"मगे इतकी वर्सां गप कित्याक?"

पाणी उतरत होतं, बगळे खाली आले होते.
ती काठी टेकत चिखलात शिरली,
वळून बघितलं नाही.
मी चपला काढल्या,
लेंगा वर खोचला.